कृष्णाकाठच्या द्राक्षाला त्याच्या मातीचं नाव मिळावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखांवरचा लेख मी दोनदा वाचला. बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन ही नावं काय सांगतात, बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं, हे लेखकानं सोपं करून मांडलंय, त्याबद्दल त्यांचे आभार. पण एक गोष्ट राहून गेली. या नावांच्या हद्दी आखताना माणसं एकमेकांवर धावून गेली होती, घरं जळाली होती, आणि सरकारनं एकदा चुकीची ओढलेली रेघ नीट करायला जवळजवळ वीस वर्षं लागली होती. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला तो लेख वाचताना सगळ्यात आधी हेच आठवणार. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण होता होईल तो पूर्ण छापावं ही विनंती.

माझी बाग अथणी तालुक्याच्या उत्तर टोकाला आहे. चार एकर, थॉम्पसन आणि सोनाका या जाती, जवळपास सगळा माल बेदाण्याला जातो. माझ्या मेव्हण्याची बाग कवठे महांकाळ तालुक्यात, माझ्या बांधापासून मोटरसायकलनं वीस-पंचवीस मिनिटांवर. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी अग्रणी नदी त्यांच्या तालुक्यातून वाहत आमच्या अथणी तालुक्यात येते आणि पुढं कृष्णेला मिळते. नदीला मधली हद्द दिसत नाही. दोघांच्या रानात हातभर काळी माती आणि खाली तोच मुरूम. दोघंही पर्जन्यछायेत, दोघांचीही टँकरनं बाग जगवण्यात उमेदीची वर्षं गेली. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, अवकाळी ढग आले की दोघांच्याही घडांवर डावणी रोग. फरक कागदाचा. त्याचा सातबारा मराठीत निघतो, माझा उतारा कन्नडमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला जे झालं त्याबद्दल माझं मत या भागातल्या कुठल्याही मराठी माणसापेक्षा वेगळं नाही. आज मात्र मी रेघ कुठं असावी याबद्दल लिहीत नाही. ती रेघ आमच्या द्राक्षाच्या नावावरही पडली आहे, त्याबद्दल लिहितोय.

वाइनशी माझा संबंध कसा आला ते सांगतो, कारण मी माळकरी आहे आणि माझ्या ओळखीचे लोक हे पत्र वाचून चकित होतील. महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया आणि वाइनचं धोरण २००१ साली आणलं. कर्नाटकानं २००७ साली आणलं. त्यानंतर वर्षाच्या आत एका वाइनरीचा माणूस आमच्या भागात फिरू लागला. दीड एकरावर शिराझ ही वाइनची जात लावा, करार करू, दर बांधून देऊ, असं म्हणाला. माझी आई तेव्हा होती. तिनं एवढंच विचारलं, "दारूसाठी बाग लावतोस व्हय रे?" मी तिला सांगितलं की मी द्राक्ष विकणार, पुढं त्याचं काय करायचं ते घेणारा ठरवेल. त्या उत्तरानं माझंच समाधान झालं नव्हतं, आजही होत नाही. पण बेदाण्याचा दर दोन वर्षं पडलेला होता आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. मी लावली.

शिराझचा मणी आपल्या खाण्याच्या द्राक्षापुढं अगदी बारका. साल जाड, आत बी, पोरं तोंडात घालून थुंकायची. पण पिकल्यावर घडाला जो काळा-निळा रंग चढायचा तो बघत राहावा असा. पहिला माल भरला, गाडी आली, पैसेही वेळेवर मिळाले. दुसऱ्या वर्षी गाडी उशिरा आली. तिसऱ्या वर्षी आलीच नाही. मुंबईवरचा हल्ला, जगभरची मंदी, हॉटेलं ओस, वाइनरीच्या टाक्या आधीच भरलेल्या, अशी कारणं नंतर कळली. नाशिककडंही त्या काळात लोकांनी वाइनच्या बागा उपटल्या. मी फेब्रुवारीत रोज सकाळी रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत जायचो. ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, चोवीस, पंचवीस, सव्वीस. मग मणी सुरकुतायला लागले. एप्रिलला मी वेली खाली कापल्या आणि त्याच खुंटांवर थॉम्पसनचं कलम केलं.

त्या उद्योगातली एक गोष्ट घरात उरली. पहिल्या मालाची वाइन झाल्यावर त्यांच्या माणसानं एक बाटली आणून दिली होती. ती आम्ही कधी उघडली नाही. थोरल्या लेकीनं ती माडीवरच्या खिडकीत ठेवली. ती तेव्हा बारावीला होती. तिनं लेबल मोठ्यानं वाचून दाखवलं: कंपनीचं नाव, द्राक्षाच्या जातीचं नाव, अल्कोहोल किती टक्के, भारतात तयार केलेलं, आणि कारखान्याचा पत्ता. तो कारखाना आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. मग तिनं विचारलं, "अप्पा, यात आपलं गाव कुठंय?" बाटली मी पुन्हा हातात घेऊन फिरवून पाहिली. गाव नव्हतं, तालुका नव्हता, नदीसुद्धा नव्हती.

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढं ती पुण्याला अन्न प्रक्रियेचं शिकली, आणि सुट्टीत आली की दुसऱ्या देशांत हे कसं करतात ते मला वाचून सांगू लागली. खाली लिहिलेलं बरंचसं तिच्यामुळं कळलेलं आहे.

आता शॅम्पेनची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या बागा फायलोक्सेरा नावाच्या किडीनं मुळापासून खाल्ल्या. अमेरिकन खुंटावर कलम बांधायची रीत जगानं त्या संकटात धरली. आमच्याकडचा डॉगरिजसुद्धा अमेरिकन खुंटच. बागा गेल्या पण पिणारे होते तेवढेच, त्यामुळं बाजारात खोटा माल आला. परदेशातून बेदाणा आणायचा, तो पाण्यात भिजवून आंबवायचा आणि वाइन म्हणून विकायचा, इथपर्यंत मजल गेली. शेवटी १८८९ साली फ्रान्सला कायदा करून सांगावं लागलं की ताज्या द्राक्षापासून होते तीच वाइन. बेदाणा करणारा माणूस म्हणून मला हे वाचून वाईट वाटलं. आमच्या मालाचा असाही वापर झाला होता.

शॅम्पेनमध्ये मोठे व्यापारी लांबून, दक्षिणेकडून स्वस्त द्राक्ष आणून शॅम्पेनच्या नावानं बाटल्या भरत होते. मार्न खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी ओरड केली तेव्हा सरकारनं १९०८ साली हद्द आखली. मार्न जिल्हा आत घेतला, शेजारच्या एन जिल्ह्याचा काही भाग आत घेतला, आणि दक्षिणेचा ओब जिल्हा बाहेर ठेवला. आता या ओब जिल्ह्यात त्र्वा नावाचं शहर आहे, आणि जुन्या काळी शॅम्पेन प्रांताची राजधानी तीच होती. म्हणजे ज्यांच्या राजधानीवरून तो मुलूख ओळखला जायचा त्यांनाच सांगण्यात आलं की तुम्ही शॅम्पेन नाही. ओबचे लोक रस्त्यावर उतरले. तिकडं मार्नमध्ये जानेवारी १९११ मध्ये दामरी गावात शेतकऱ्यांनी बाहेरून आलेल्या मालाच्या गाड्या अडवून वाइन नदीत ओतली. एप्रिलमध्ये संसदेत हद्द रद्द करायची भाषा सुरू झाल्याची बातमी आली आणि आय गावात व्यापाऱ्यांची घरं पेटली, तळघरं फुटली. सैन्य आणावं लागलं. मग सरकारनं मधला मार्ग काढला. ओबला म्हणाले, तुम्ही शॅम्पेन, पण दुसऱ्या दर्जाचा विभाग. हा अपमान १९२७ पर्यंत चालला. त्या वर्षीच्या कायद्यानं ओबला बरोबरीनं आत घेतलं आणि हद्दीबरोबर कुठली जात लावायची तेही ठरवून दिलं. ओबमध्ये गामे नावाची जात फार होती, ती काढून टाकायची अट घातली.

मार्नवाल्यांचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांची जमीन खडूसारख्या पांढऱ्या दगडाची, ओबची माती वेगळी, चिकण-चुन्याची. फरक खरा होता. पण तो फरक मातीकडं बघून सांगायचा होता, आणि सरकारनं तो जिल्ह्याच्या नकाशावरून सांगितला. भांडण पेटलं ते तिथं.

याच्या उलट गोष्ट रोन नदीकाठच्या शातोनफ-द्यु-पापची. तिथं १९२०च्या दशकात एक बागायतदार, बॅरन ल र्वा, यांनी गावाच्या मालाचे नियम लिहून काढले. कुठली जमीन चालेल? जिथं लव्हेंडर आणि थाइम ही झुडपं आपोआप उगवतात ती. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. आमच्याकडंही म्हातारी माणसं रान घेताना तेच करायची. कुठलं गवत येतंय, तरवड आहे का, बाभळ कशी वाढलीय, हे बघून जमीन हलकी की भारी ते सांगायची. अधिकाऱ्याच्या पट्टीनं हद्द न आखता रानात काय उगवतं त्यावरून आखायची, हे त्या लोकांनी कायद्यात बसवलं. फ्रान्समध्ये १९३५ साली या कामासाठी राष्ट्रीय समिती झाली, आणि १९३६ साली पहिल्या ज्या गावांना नियंत्रित मूळस्थानाचं नाव मिळालं त्यांत शातोनफ-द्यु-पाप होतं. नाव म्हणजे नुसता नकाशा नाही. कुठल्या जाती, हेक्टरी जास्तीत जास्त किती उत्पन्न, छाटणी कशी, कमीत कमी अल्कोहोल किती, हे सगळं त्या नावात आलं. नियम मोडला तर नाव गेलं.

बर्गंडीत तर नाव जितकं लहान जागेचं तितकं ते मोलाचं. नुसतं 'बर्गंडी' लिहिलं तर साधं, गावाचं नाव लिहिलं तर वरचं, गावाबरोबर शेताचं नाव आणि पहिल्या प्रतीचा शिक्का असला तर त्याहून वर, आणि सगळ्यात वरच्या वाइनवर गावाचं नावसुद्धा लागत नाही, नुसतं शेताचं पुरतं. आपल्याकडंही शेताला नावं असतात. आमच्या एका तुकड्याला 'वड्याची पट्टी' म्हणतात, एकाला 'टेकाचं रान'. टेकाच्या रानातला बेदाणा रंगाला नेहमी उजवा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाजारात ते कुणालाही माहीत नाही.

जर्मनीची पद्धत मला आपल्या बाजाराच्या फार जवळची वाटली, आणि म्हणूनच तिच्यातली चूक आपण बघायला पाहिजे. त्यांनी १९७१च्या कायद्यानं दर्जा जमिनीवर न ठरवता रसातल्या साखरेवर ठरवला. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीला जास्त गोडी. आपणही हेच करतो. खाण्याचं द्राक्ष ब्रिक्सवर आणि मण्याच्या जाडीवर विकतो. बेदाण्याच्या सौद्यात रंग बघतात, फुगवण बघतात, देठ-काडी किती ते बघतात. हिरवा, पिवळा, काळा, एक नंबर, दोन नंबर. कुठल्या रानाचा, हे कुणी विचारत नाही. जर्मनीत त्याच कायद्यानं आणखी एक घोटाळा करून ठेवला. मोझेल नदीकाठी पीसपोर्ट गावाला गोल्डट्रॉप्फखेन नावाचा नदीवर उतरणारा चढाचा एक प्रसिद्ध मळा आहे. कायद्यानं त्याच गावाच्या नावाला जोडून मिशेल्सबेर्ग हे एका मोठ्या पट्ट्याचं नाव दिलं, त्यात आजूबाजूची सपाट रानंही आली. लेबलावर दोन्ही नावं सारखीच दिसतात. गिऱ्हाइकाला कसं कळावं? पन्नास वर्षांनी, २०२१ साली, जर्मनीनं कायदा बदलून मूळस्थानाला पहिली जागा दिली. एवढ्या शिस्तीच्या देशाला हे उमगायला पन्नास वर्षं लागली.

आता राज्याच्या सीमेबद्दल, कारण ते आमच्या जिव्हारी लागणारं. स्पेनमध्ये रिओहा नावाचा वाइनचा मुलूख आहे. तो ला रिओहा, बास्क प्रांतातला आलावा आणि नावारा अशा तीन स्वायत्त प्रदेशांत पसरलेला. बास्क लोकांची भाषा वेगळी, राजकारण वेगळं, स्पेनशी त्यांचं जुनं भांडण. तरीही नाव एक, नियम करणारी समिती एक, आणि आत आलावेसासारखे पोटविभाग. बास्क बाजूच्या काही उत्पादकांनी अलीकडं वेगळं नाव मागितलं, म्हणजे कुरबुर आहेच. पण एका नदीच्या खोऱ्यातला माल एका नावाखाली विकता येतो हे त्यांनी करून दाखवलंय. हंगेरीतल्या टोकाय या वाइनच्या मुलखाचे तर आंतरराष्ट्रीय सीमेनं तुकडे झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या १९२०च्या तहानं हंगेरीच्या त्या जुन्या मुलखातली काही गावं पलीकडच्या देशात गेली, आणि नावावरून वाद झाले. आज हंगेरी आणि स्लोवाकिया दोन्हीकडं त्या नावानं वाइन होते.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट अमेरिकेची. तिथं द्राक्षाचे मुलूख केंद्र सरकार ठरवतं, पहिला १९८० साली मिझुरी राज्यातल्या ऑगस्टाला मिळाला. त्यांचा नियम सैल आहे. नकाशा आखतात, पण जात कुठली, उत्पन्न किती, याचं बंधन नाही. फक्त लेबलावर त्या मुलखाचं नाव घालायचं तर किमान ८५ टक्के द्राक्ष तिथलं पाहिजे. वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन राज्यांच्या मधे वाला वाला नावाचं एक खोरं आहे, अर्धं इकडं, अर्धं तिकडं, पण नाव दोन्हीकडं एकच. त्या खोऱ्याच्या आत, ओरेगन बाजूला, मिल्टन-फ्रीवॉटर गावाजवळ गोल काळ्या बसाल्ट दगडांनी भरलेली एक जमीन आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्याच कुळातला तो दगड. तिला २०१५ साली 'द रॉक्स' हे स्वतंत्र नाव मिळालं. पण अमेरिकेच्या नियमात एक अट होती. वाइन ज्या राज्यात तयार होते त्या राज्यात तो मुलूख असला पाहिजे. द रॉक्स पूर्ण ओरेगनमध्ये, आणि तिथलं द्राक्ष घेणाऱ्या बऱ्याच वाइनरी काही मैलांवर वॉशिंग्टनमध्ये. द्राक्ष त्याच दगडांतलं, तरी सीमा ओलांडून टाकीत पडलं की त्याला त्या दगडांचं नाव लावता येईना.

हे मी मेव्हण्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, म्हणजे आपल्यासारखंच की."

आपल्यासारखंच. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. आमच्या तालुक्यातला आणि विजापूरकडचा पुष्कळ बेदाणा सांगली-तासगावच्या कोल्ड स्टोअरेजला आणि सौद्याला जातो, कारण बाजार तिथं आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव कायद्यानं त्याच मुलखातल्या मालासाठी राखलं गेलं. त्याचा मला आनंद आहे, तो त्या लोकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या कष्टाचा मान आहे. तास-ए-गणेश ही जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावची, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजची, आम्ही त्यांच्याच काड्या आणून लावल्या. पण माझा बॉक्स गाडीत चढला की तो कुठला राहतो? तो बेळगावचा म्हणून ओळखला जात नाही आणि सांगलीचा म्हणून विकायचा मला हक्क नाही. ज्या दिवशी गाडी भरते त्या दिवशी त्याचं गाव सुटतं.

वाइनचंही तसंच. महाराष्ट्रानं सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क केला, त्याला कृष्णेचं नाव दिलं. कर्नाटकाच्या वाइन मंडळानं आपल्या राज्यात वाइनची खोरी सांगितली, नंदी, कावेरी, हंपीचे डोंगर, आणि त्यांत एक कृष्णा खोरं, ज्यात बेळगाव, विजापूर, बागलकोट येतात. कृष्णा एकच, आणि दोन राज्यांनी तिची दोन खोरी केली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. कृष्णेच्या नावाचं, दोन्ही काठांना धरणारं असं काही आपण उभंच केलं नाही.

कुणी म्हणेल, दोन राज्यांना मिळून एक मानांकन हे होणार कसं? ते झालेलं आहे, आणि आमच्याच अथणीत झालेलं आहे. कोल्हापुरी चपलेचं मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतलं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. अथणीत कोल्हापुरी चप्पल पिढ्यानपिढ्या शिवली जाते हे सगळ्यांना माहीत आहे. नाव कोल्हापूरचं राहिलं, तरी अथणीच्या कारागिराला त्या नावावर कायद्यानं हक्क मिळाला. सीमाप्रश्न कोर्टात असताना हे झालं, कुणाचा दावा त्यानं सुटला नाही की बुडाला नाही. चामड्याला जे जमलं ते द्राक्षाला का जमू नये?

माझं मागणं मात्र चपलेपेक्षा थोडं वेगळं आहे, आणि इथं सांगलीकडच्या भावांचा गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. मला सांगलीचं नाव नको. नाव ताणलं की काय होतं ते इटलीतल्या क्यांतीनं दाखवलंय. १७१६ साली तिथल्या ड्यूकनं क्यांतीची हद्द जाहीर केली होती. १९३२ साली सरकारनं ते नाव आजूबाजूच्या मोठ्या मुलखाला वाटून टाकलं, आणि मूळ गावांना आपण मूळचे आहोत हे सांगण्यासाठी 'क्लासिको' असा वेगळा शब्द जोडून घ्यावा लागला. सांगलीच्या शेतकऱ्यावर ती पाळी येऊ नये. सांगलीचा बेदाणा सांगलीचाच राहू दे. माझं म्हणणं असं, की त्याच्याबरोबरीनं कृष्णेचं आणि अग्रणीचं नाव असलेलं एक वेगळं मानांकन असावं. त्याची हद्द तहसीलदाराच्या नकाशावरून आखू नये. मुरमाची खोली, पावसाचं मान, कृष्णेचं आणि तिच्या उपनद्यांचं पाणलोट यांवरून आखावी. त्यात अथणी, रायबाग, कवठे महांकाळ, जत, विजापूरकडची गावं जिथं जिथं बसतील तिथं बसवावीत, आणि नाही बसली तर माझं गाव बाहेर ठेवलं तरी चालेल. नियमही असावेत, वेलीला घड किती ठेवायचे, बेदाण्याला किती ब्रिक्सच्या खाली तोडायचं नाही, गंधकाची धुरी किती. नुसतं नाव घेऊन माल वाटेल तसा केला तर त्या नावाला सौद्यात कुणी विचारणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉक्सवर आणि बाटलीवर गावाचं नाव छापायची सक्ती असावी.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा, तो लागू झाला २००३ साली, नोंदणी चेन्नईला होते. अर्ज सरकारनंच करावा असं नाही, उत्पादकांच्या संस्थेलाही करता येतो. जागेचा नकाशा लागतो, मालाचं वेगळेपण आणि जुना संबंध दाखवणारे पुरावे लागतात, नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येतं. दोन्हीकडच्या द्राक्ष बागायतदारांनी एकत्र संस्था केली तर अर्ज करायला कुणीही आपल्याला अडवू शकत नाही. आमच्याकडचे कन्नड शेतकरी यात आहेत हे वेगळं सांगायला नको. माझ्या शेजारच्या बागेचे मालक घरी कन्नड बोलतात, त्यांना द्राक्षी म्हणायची सवय, मला द्राक्ष. डावणी आली की फवारणीचा ब्लोअर आम्ही एकमेकांना देतो. हे मानांकन त्यांच्याशिवाय होणार असेल तर मलाही नको.

कृषी विद्यापीठांना माझी विनंती आहे. धारवाडच्या आणि राहुरीच्या माणसांनी एकदा मिळून या पट्ट्यातली माती तपासावी. दोन्ही विद्यापीठं आपापल्या राज्यापुरते अहवाल काढतात, दोन्ही बाजूंची माती एका नकाशावर मांडलेली मी अजून पाहिली नाही.

पोर्तुगालमध्ये दोरो नदीच्या खोऱ्यात १७५६ साली पोर्ट वाइनच्या मुलखाची हद्द आखायला घेतली, तेव्हा मातीत ग्रॅनाइटचे दगड रोवले. त्यांतले काही अजून उभे आहेत. आमच्या बाजूचा दगड राज्याच्या हद्दीचा आहे, मेव्हण्याच्या गावाजवळ रस्त्याच्या कडेला. या उन्हाळ्यात बेदाण्याचं रॅक आवरून झाल्यावर आम्ही दोघांनी त्या दगडाच्या दोन्ही बाजूंच्या बागायतदारांची नावं, गट नंबर आणि सर्व्हे नंबर एका वहीत लिहायला सुरुवात केली. खड्डा घेऊन कितीवर मुरूम लागतो तेही मोजून लिहितोय. आजपर्यंत एकतीस बागा झाल्या, अठरा तिकडच्या, तेरा इकडच्या. ज्यांना आपल्या बागेची नोंद करायची असेल त्यांनी आपल्या दैनिकाकडं कळवावं, आपण ती पत्रं माझ्याकडं पोचवाल अशी आशा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी वही दोनशे बागांपर्यंत न्यायचा विचार आहे, कारण छाटणी सुरू झाली की मग कुणालाच सवड नसते.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
अथणी तालुका, जि. बेळगाव
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)